मानशीची पावणी आणि मोडलेला बांध : खाजनाचा हिशेब कोण मांडणार?

लेखन : झुवारीकाठ

मंडळी, खाजनांवर इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच बोलणं झालंय. कधी कोरगुट तांदळाच्या निमित्ताने, कधी खारफुटीच्या. मी मूळची अर्थशास्त्राची. सध्या परिसंस्थीय अर्थशास्त्रात काम करते आणि फोंडा-तिसवाडीतल्या खाजनांत फिरते. त्यातून एक मत पक्कं झालंय, ते मांडते. खाजन बुडतंय त्याला भरती जितकी कारण आहे, त्याहून जास्त फुटलेला हिशेब कारण आहे.

गोव्याबाहेरच्यांसाठी आधी थोडं. मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या खाडीपट्ट्यात भरतीच्या पातळीखालची जमीन बांध घालून लागवडीखाली आणली, ती खाजनं. एकूण सुमारे १८,००० हेक्टर धरतात. बांध चिखलमातीचा, लाटा आदळतात तिथे चिऱ्याची चिणाई. या बांधातली खरी करामत म्हणजे मानस. चिऱ्याच्या चौकटीत लाकडी दारं असतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून नदीत जातं. दार मिटताना फळ्यांच्या फटींतून थोडं खारं पाणी आत येतं, ते पोंयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या खोलगट तळ्यात, साठतं, शेतात चढत नाही. पावसाळ्यात हीच वाट उलट कामी येते. पहिले सडाके जमिनीतलं मीठ धुतात आणि ते पाणी मानशीतून बाहेर निघतं. मग सरदीचं, म्हणजे पावसाळी भात. खाजनात वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, होत नाही, मीठ वर येतं.

आता अर्थशास्त्र. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं (कोळंबी), शेवटे, काळुंदरं असे मासे, नशीब असेल तर चणक. हे जाळं लावायचा हक्क पावणीत जातो, म्हणजे लिलावात. पूर्वी पावणीचा पैसा कोमुनिदादीकडे, म्हणजे सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेकडे, यायचा आणि त्यातला वाटा बांधाच्या डागडुजीला लागायचा. मासळी बांध राखायची, बांध भात राखायचा, भात पिकलं की पेंढा आणि माणसं पुन्हा बांधाला. पैसा, पाणी आणि मीठ एकाच हातात होतं.

हा हात सुटला. आज जागोजागी काय दिसतं? पावणी घेणाऱ्याला मासळी हवी. जास्त मासळी म्हणजे जास्त खारं पाणी, म्हणजे दारं उघडी ठेवणं. मासळीचं उत्पन्न भातापेक्षा इतकं वर आहे की त्याच्या वहीत हा व्यवहार चोख बसतो. शेतकऱ्याच्या वहीत एक पीक गेलं आणि जमीन पुढची काही वर्षं खारट झाली. सरकारच्या वहीत बांधदुरुस्तीचं टेंडर लागलं, म्हणजे खर्च झाला, म्हणजे राज्याच्या सकल उत्पन्नात भरच. तिन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर, आणि शेत पाण्याखाली.

निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांनी १९७१ मध्ये अर्थव्यवहाराला उष्णतागतिकीचे नियम लावून पाहिले, पुढे हर्मन डेली यांनी अर्थव्यवस्था ही निसर्गाच्या आत सामावलेली आहे, बाहेर नाही, हे आयुष्यभर मांडलं. मला ते पुस्तकात कळलं, पटलं मानशीवर. पण या प्रश्नाला एकटा अर्थशास्त्री पुरा पडत नाही. क्षारता मोजणारा हवा, मासळीच्या पिल्लांचं चक्र जाणणारा हवा, कूळ कायदा वाचलेला हवा आणि बांध घातलेला माणूस हवा. इथे या सगळ्या प्रकारचे सभासद आहेत, म्हणून धागा काढला. तुमच्या गावात मानस कोणाच्या हातात आहे?

---

तांबडीमाती :

ताई, धागा काढलात हे उत्तम केलंत. मी डिचोलीचा. आमच्याकडे चौथी वही आहे, ती तुमच्या लेखात राहिली. खनिजाची.

२०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. ते बहुतेक बार्जमधून, मांडवी आणि झुवारीतून, मुरगावकडे. भरलेली बार्ज जवळून गेली की लाट बांधाला कशी धडकते ते काठावर उभं राहून पाहावं. आधी पाणी मागे ओढलं जातं, बांधाचा पाया उघडा पडतो, आणि मग ते एकदम परत येतं. चिखलाच्या बांधाची ताकद हळूहळू चढणाऱ्या भरतीला पुरते, दिवसभर चालणाऱ्या या आपटण्याला नाही. त्या टनाच्या किमतीत बांधाचा एक पैसाही धरलेला नव्हता. विल्यम काप यांनी १९५० मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं : धंद्याचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर टाकणं ही अपवादाची गोष्ट नाही, धंद्याची रीतच तशी बसलेली असते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायम निधीत टाकायची अट आली. पुढच्या पिढ्यांचाही खनिजात वाटा आहे, हे तत्त्व त्यामागे आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये लीजांचं नूतनीकरण रद्द झालं. मी स्वतः खाणीवर अवलंबून असलेल्या घरातला आहे. घरातली मिळकत बंद झाली तेव्हाची परिस्थिती मला कोणी सांगायला नको. तरीही सांगतो, जमिनीतली संपणारी वस्तू विकली तर त्या पैशाचं दुसरं टिकणारं भांडवल झालं पाहिजे, ही गोष्ट जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये गणिताने दाखवली आणि आमच्या आजीला गणिताशिवाय ठाऊक होती. सोनं मोडलं तर जमीन घे, सोनं मोडून जेवू नको, असं ती म्हणायची.

---

आकडेमोड :

मी पुण्याचा, गोव्याशी नातं सुट्टीपुरतं, पण विषय जवळचा. झुवारीकाठ, मला एक सरळ प्रश्न आहे. खाजनाच्या एका हेक्टराची किंमत किती, हे काढून टाकलं तर वाद संपणार नाही का? १९९७ मध्ये रॉबर्ट कॉस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगातल्या परिसंस्थांच्या १७ सेवांची वार्षिक किंमत सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली होती, तेव्हा जगाचं एकूण उत्पन्न १८ लाख कोटींच्या आसपास होतं. पूर अडवणं, मासळीची वाढ, भूजल, कार्बन, भात, या सगळ्यांचे आकडे जोडा आणि मंत्रालयात टेबलावर ठेवा. आकडा नसला की त्या जागेची किंमत शून्य धरली जाते, हा माझा अनुभव आहे.

---

झुवारीकाठ :

आकडेमोड, आकड्याला माझा विरोध नाही. काही आकडे काढलेच पाहिजेत. बांध गेला तर गावात पाणी किती आत येईल, किती विहिरी खाऱ्या होतील, त्या गावाला टँकरचं पाणी काय भावात पडेल, हे मोजता येतं आणि मोजावं.

अडचण बेरजेत आहे. तुमच्या यादीत मासळी आणि भात शेजारी शेजारी आहेत. खाजनात ती शेजारी नाहीत, एकाच पाण्यासाठी भांडतात. मासळी पूर्ण वाढवली तर भात शून्य होतं. दोघांचे सर्वोत्तम आकडे घेऊन जोडले तर जे खाजन तयार होतं ते कुठल्याच नदीवर नाही. दुसरं, बेरीज केली की एक गोष्ट दुसरीने भरून निघते असं वाटायला लागतं. भात गेलं, मासळी वाढली, एकूण आकडा वर, मग तक्रार काय? तक्रार अशी की मासळीचा पैसा पावणीवाल्याकडे गेला आणि भात गेलं ती बाई दुसरी होती. शिवाय बांध फुटला की मासळीही काही वर्षांतच संपते, कारण मग मानस उरत नाही, नुसती खाडी उरते.

डेली यांचं म्हणणं हेच होतं. माणसाने केलेलं भांडवल आणि निसर्गाचं भांडवल एकमेकांच्या जोडीने चालतं, एकाच्या जागी दुसरं बसत नाही. होड्या वाढवल्या म्हणून मासे वाढत नाहीत.

---

मुंडकाराचो_नातू :

झुवारीकाठ बाय, लेख चांगला आहे. पण 'पूर्वी एकाच हातात होतं' हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. तो हात कोणाचा होता?

गावकारीत, म्हणजे जुन्या कोमुनिदादीत, जोण (उत्पन्नातला वाटा) मिळायचा तो गावकारांच्या पुरुष वारसांना. बांध घालायला चिखलात उतरणारे आमचे लोक त्या यादीत नव्हते. १५२६ च्या फोरालात (सनदेत) पोर्तुगीजांनी गावकारीच्या चालीरीती लिहून घेतल्या, त्यातही आमची नोंद हक्कदार म्हणून नाही. १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला, ते आमच्यासाठी मुक्तीनंतरचं सर्वांत मोठं काम होतं. आज खाजनांवरचं कुठलंही लिखाण उघडलं की कोमुनिदाद म्हणजे सोन्याचा काळ आणि कूळ कायदा म्हणजे ऱ्हासाची सुरुवात, असा सूर असतो. हा सूर अभ्यासात शिरला तर अभ्यास वाकडा होणार.

माझ्या वाचनात दामोदर कोसंबींनी १९४७ मध्ये गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गावकारीवर लिहिलेलं आहे. माणूस गणिती, जन्म इथला, आणि त्यांनी जमीन, जात आणि उत्पन्न एकत्र पाहिलं. आंतरशाखीय संशोधन म्हणून जे आज नव्याने सांगितलं जातं ते इथल्याच माणसाने इथल्याच गावांवर करून ठेवलंय.

---

झुवारीकाठ :

मुंडकाराचो_नातू, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आणि मला तो धाग्यात हवाच होता. कूळ कायद्याने न्याय केला यात शंका नाही. माझं बोट दुसऱ्या जागेवर आहे. जमीन कुळाला गेली, पण बांध एकट्या कुळाचा नसतो. शेकडो तुकड्यांना मिळून एक बांध आणि एक मानस. त्यासाठी १९७५ च्या नियमांनी टेनंट असोसिएशन आणल्या, कुळांची सामाईक जबाबदारी म्हणून. नियमात सगळं आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी असोसिएशनची सभा म्हणजे पावणीचा दिवस, आणि वर्षभरात दुसरं काही नाही. न्याय देताना सामाईक कामाची घडी नव्याने बसवायची राहिली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या राज्यशास्त्राच्या होत्या. सामाईक संपत्ती लोक टिकवतात तेव्हा काय काय जुळलेलं असतं, हे त्यांनी ठिकठिकाणच्या पाटबंधाऱ्यांवर आणि मासेमारीवर पाहिलं. हद्द ठरलेली, राखण करणारा वापरणाऱ्यांनाच बांधील, नियम मोडला तर आधी लहान दंड मग मोठा, आणि ज्यांना नियम लागू त्यांना तो बदलण्याचा हक्क. शेवटची अट जुन्या गावकारीत तुमच्या लोकांना नव्हती. आजच्या असोसिएशनमध्ये ती कागदावर आहे, पण राखणच नाही. आपल्याला हवी ती व्यवस्था या दोन्हींपेक्षा वेगळी आहे.

---

तिवर :

सागरी जीवशास्त्रातून लिहिते. खारफुटीचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून काढते, कारण इथे माझ्या शाखेचे लोक आणि शेतकरी समोरासमोर येतात.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळ, तिवर असणं हे खाजनाच्या हिताचं. लाटेचा जोर तिथे मोडतो, आणि जुनी माणसं तिथली झाडं राखायची. पण बांध फुटून खारं पाणी आत राहिलं की दोन-तीन पावसाळ्यांत शेतातच रोपं उगवतात. एकदा ती वाढली की किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेखाली त्यांना संरक्षण. शेतकऱ्याने पुढे बांध दुरुस्त केला तरी झाडाला हात लावता येत नाही. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याची खारफुटी २७ चौरस किलोमीटर होती, आणि ही वाढ आपण सगळे आनंदाने सांगतो. मीही सांगते. पण त्या वाढीत पडीक पडलेलं खाजन किती आणि नदीकाठचं मूळ जंगल किती, हे उपग्रहाच्या चित्रात वेगळं दिसत नाही. माझ्या शाखेच्या वहीत जे जमेला आहे ते शेतकऱ्याच्या वहीत नावे आहे.

२०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळं कलम आहे. खाजनांचे नकाशे करायचे, तिथली खारफुटी राखायची, व्यवस्थापन आराखडा करायचा आणि खाजनात विकासकामं होऊ द्यायची नाहीत. एका कलमात खाजनही राखायचं आणि त्यातली खारफुटीही. दोन्ही एकाच तुकड्यावर आले तर काय, याचं उत्तर आराखड्यात यायला हवं, आणि ते एकट्या जीवशास्त्रज्ञाने लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

---

भातगोणी :

मी दिवाडीकडचा, वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात लिहितो.

बाय, तुमच्या हिशेबात माणसं धरा. कोरगुट खाऱ्याला टिकतो हे खरं. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन केंद्राने त्यातून निवड करून नवीन वाणही दिलेत. पण लावणीला माणूस मिळत नाही. बांधाला बीळ पाडतात कुर्ल्या (खेकडे). एक बीळ वेळेवर बुजवलं तर मूठभर चिखलाचं काम. पंधरा दिवस कोणी पाहिलं नाही तर त्याच बिळातून पाणी वाट करतं आणि गाडीभर माती वाहून जाते. पूर्वी बांधावरून रोज कोणी ना कोणी चालायचं, गवताला, मासळीला, देवळात जायला. त्या चालण्याची मजुरी कोणी देत नव्हतं, पण बांध त्यावरच उभा होता. आता रस्ता झाला, बांधावर कोण जातो? फुटल्यावरच कळतं.

कंत्राटदार येतो तो मोठ्या फुटीला. बिळाचं टेंडर निघत नाही.

---

आकडेमोड :

भातगोणी काका, तुमच्या प्रतिसादाने माझा आधीचा प्रश्न बदलला. रोज बांधावर चालण्याचा आकडा कुठल्याच राष्ट्रीय उत्पन्नात नाही, आणि किंमत काढायला बसलो तर मजुरीचा दर लावून तो हास्यास्पद लहान येईल. त्याच्या अभावाचा खर्च मात्र लाखांत येतो. म्हणजे किंमत विचारण्याआधी काय थांबलं तर काय कोसळतं, हे विचारायला हवं. झुवारीकाठ, मग तुमच्या अभ्यासात नेमकं मोजणार काय?

---

झुवारीकाठ :

काकांनी लिहिलेलं मी अभ्यासाच्या आराखड्यात तसंच घालणार आहे, त्यांची हरकत नसेल तर.

मोजायचं ते असं. पाच-सहा मानशी निवडायच्या, ज्यांची व्यवस्था वेगवेगळी आहे. एक जिथे पावणी बाहेरच्या माणसाकडे जाते, एक जिथे शेतकरीच मिळून घेतात, एक कोमुनिदादीकडे राहिलेली, एक मोडून पडलेली. प्रत्येक ठिकाणी वर्षभर पोंयीतली आणि शेतातली क्षारता, दारं किती वेळ उघडी, मासळी किती आणि कुठली, भात किती, बांधावर खर्च कोणी केला आणि कधी. पावणीची मुदत हा माझ्या मते कळीचा भाग. ठेका एखाद्या वर्षाचा असेल तर घेणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या जमिनीशी देणंघेणं नाही. बांधाचं आयुष्य दशकांत, खारावलेली जमीन सुधारायला वर्षं, आणि ठेक्याची नजर पुढच्या मे महिन्यापर्यंत. मुदत वाढवली आणि पावणीच्या रकमेतला ठरलेला भाग दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात अडकवला, तर दारं उघडी ठेवण्याचा मोह कमी होतो का, हे पाहायचंय. मला वाटतं होईल, पण त्याबरोबर दाराची चावी पावणीवाल्याकडे नको, ही अटही लागेल.

---

वहीखातं :

सरकारी लेखा खात्यातून निवृत्त. जमिनीच्या भावाबद्दल एक जोडतो. कूळ कायद्याखाली मालकी मिळालेली जमीन शेतीखेरीज वापरता येत नाही, १९९१ च्या जमीन वापर कायद्याने. तरी पडीक खाजनाला गिऱ्हाईक येतं. कारण तो आजच्या जमिनीचा भाव देत नाही, उद्या नियम सैल होतील या आशेचा देतो. शेत खारं पडलं, चार-पाच वर्षं पिकलं नाही, की मालकाच्या मनातही विकण्याचा विचार घर करतो. तेव्हा बांध न दुरुस्त होण्यात कोणाचा फायदा आहे, हा प्रश्नही अभ्यासात असू द्या. ज्या बांधांच्या फुटी वर्षानुवर्षं तशाच राहिल्या त्यांच्या आसपासचे जमीन व्यवहार निबंधकाकडे पाहता येतील. कंटाळवाणं काम आहे, पण मी ते करून देईन. मला सवय आहे.

---

मुंडकाराचो_नातू :

वहीखातं बाब, हे कराच. आणि पाच-सहा मानशींत एक अशी घ्या जिथे असोसिएशन बायका चालवतात किंवा निदान बायका सभेला येतात. लावणी त्यांची, कापणी त्यांची, पावणीच्या दिवशी मात्र त्या घरी असतात.

---

झुवारीकाठ :

घेतली. वहीखातं बाब, व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहा. तिवर, क्षारता मोजायला यंत्र विद्यापीठातून मिळेल, पण खारफुटीचा मूळ आणि नवा भाग वेगळा काढायला जुने जमीन मोजणीचे नकाशे लागतील. तांबडीमाती, बार्जच्या फेऱ्यांनी होणारी काठावरची झीज मोजायला तुमच्या भागातला एखादा बांध सुचवा. आणि एक विनंती सगळ्यांना. पावणीच्या जुन्या नोंदी पणजीच्या पुराभिलेखात आणि कोमुनिदादींच्या कपाटांत पोर्तुगीज भाषेत आहेत. पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारं कोणी इथे आहे का?

---

भातगोणी :

मी वाचतो. लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकलो. सकाळी दहापर्यंत मोकळा असतो, फेरीने पलीकडे येईन.